शंभर टक्क्यांचे हेडसर

आमच्या हेडसरांना शाळेतल्या एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नावं आईबाप ठेवतात, त्यात शाळेचा काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. ते मुलांना टक्क्यांनी ओळखत. मिळालेल्या नव्हे, पुढे दहावीच्या बोर्डात मिळतील असं सरांना वाटे त्या टक्क्यांनी. सकाळी प्रार्थनेआधी ते फाटकात उभे राहायचे आणि आत येणाऱ्या पोरांना हाका मारायचे. "ए ब्याऐंशी, शर्ट खोच." "चौसष्ट, काल कुठं होतास?" "एक्क्याण्णव, बाळा, सर्दी झाली का? आईला म्हणावं वाफ दे." नव्वदच्या वरच्यांना बाळा लागायचं. साठ-सत्तरवाल्यांना नुसता आकडा. चाळिसाच्या आतलं कोणी आलं की सर हाक मारण्याऐवजी घड्याळाकडे बघायचे, जणू त्या मुलाची जायची वेळ झाली आहे.

मी साताऱ्याची. कवठे महांकाळ तालुक्यातल्या त्या शाळेत गणित शिकवायला रुजू झाले तेव्हा सरांनी माझी ऑर्डर हातात घेतली, वाचली नाही आणि विचारलं, "दहावीला किती?"

मी म्हटलं, "सर, माझं एम.एस्सी., बी.एड. झालंय."

"ते नंतर झालंय. दहावीला किती?"

मी आकडा सांगितला. "चालतंय," असं म्हणून त्यांनी मला स्टाफरूममधली तिसरी खुर्ची दिली. ती तिसरी का, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या खुर्च्या दहावीच्या टक्क्यांप्रमाणे लावलेल्या होत्या. चहाही त्याच क्रमाने यायचा. शिपाईमामांना चित्रकलेच्या सरांपेक्षा दहावीला जास्त पडले होते. त्यामुळे मामा स्वतः चहा करायचे, स्वतः आणायचे, आधी स्वतः घ्यायचे आणि मग चित्रकलेच्या सरांना द्यायचे. चित्रकलेचे सर बिचारे खिडकीतून डोंगर बघत कप हातात घ्यायचे. त्यांची चित्रं जिल्ह्याच्या प्रदर्शनात लागलेली होती, पण चित्रकलेचे मार्क टक्केवारीत धरत नाहीत, असा सरांचा नियम होता.

सरांना स्वतःला किती होते, हे मी एकदा विचारून बघितलं. "आमच्या वेळी टक्के बघत नव्हते, क्लास बघत होते," एवढं बोलून ते राऊंडला निघून गेले.

टक्क्यांशिवाय त्यांना जग दिसतच नसे. चहा आवडला नाही तर "काठावर पास." वहिनींची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं तर "सत्तर टक्के." गावातले एक वयस्कर सावकार वारले तेव्हा सर मयताला गेले, सगळे गप्प उभे असताना त्यांनी हळहळून मान हलवली आणि म्हणाले, "माणूस पंच्याऐंशी टक्के चांगला होता." मयताच्या मुलाने रडतारडता मान वर करून सरांकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. उरलेले पंधरा टक्के त्यालाही माहीत असावेत.

आता हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. मीही साताऱ्याला घरी आले की सरांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे. पण हा माणूस नुसता विक्षिप्त असता तर प्रश्न नव्हता. विक्षिप्त माणसाच्या हातात शाळेचा शिक्का होता.

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागायचा. एस.टी. स्टँडसमोर फाटकावर तसा भला मोठा फ्लेक्स असायचा आणि बसमधली माणसं तो वाचत पुढे जायची. सांगलीला मुख्याध्यापकांची मीटिंग असली की सर पहिल्या रांगेत बसायचे. शंभर टक्के कसे लागतात, हे मला पहिल्या जूनमध्ये कळलं. नववी पास होऊन दहावीत आलेल्या मुलांमध्ये जी सरांच्या नजरेला चाळिसाच्या आतली दिसत, त्यांचा दाखला काढून हातात द्यायचा आणि त्यांच्याकडून सतरा नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा. सतरा नंबर म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज. ज्यांची शाळा कधीकाळी सुटली, जे कामाधंद्याला लागले, त्यांच्यासाठी केलेली ती सोय. सरांनी ती वर्गात बसलेल्या पोरांसाठी वापरली. बाहेरून बसलेलं मूल नापास झालं तर ते शाळेच्या निकालात धरत नाहीत. "आपल्याकडं नापास मूल नसतंच," सर सांगायचे, आणि ते खरंच होतं. परीक्षेपर्यंत ते आपल्याकडे उरायचंच नाही.

हा धंदा पंचक्रोशीत बऱ्याच शाळा करायच्या, पण चोरून करायच्या. आमचे सर तो मांडव घालून करायचे. त्यांना ठाऊक होतं की बापाला ऑफिसात बोलावून "तुमच्या पोराचा दाखला न्या" म्हटलं तर तो भांडणार, चार माणसं घेऊन येणार. म्हणून सर त्या बापाचा सत्कार करायचे. रीतसर पत्रिका, सरपंच अध्यक्ष, दीपप्रज्वलन, आठवीच्या मुलींचं स्वागतगीत आणि मग "पाल्याच्या हिताचा योग्य निर्णय घेणाऱ्या जागरूक पालकांचा सत्कार." शाल, नारळ आणि फेटा. आमच्या भागात एकदा डोक्यावर फेटा चढला की माणसाला भांडता येत नाही. तो ताठ बसतो, फोटोत बघतो आणि समोर येईल त्या कागदावर सही करतो. कागद घेऊन क्लार्क खुर्चीमागे उभाच असायचा. शेवटी सत्कारमूर्तींचं मनोगत. माईक हातात आला की बाप म्हणायचा, "लय आभारी हाय," आणि खाली बसायचा.

एका वर्षी असाच एक फेटेवाला बाप कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ आला. चेहरा नुसता फुललेला. म्हणाला, "बाई, सर बोलले त्ये ऐकलं सगळं, पर एक कळलं न्हाई. आमचं पोरगं कशात पैलं आलं म्हणायचं?"

मी त्याला खरं सांगितलं. त्याने नारळ काखेत मारला. मग फेटा न काढताच फाटकातून बाहेर पडला.

आता अंजलीचं सांगते. सरांच्या हिशेबात ती एकतीस. गणितात कच्ची होती हे खोटं नाही. बीजगणित दिसलं की पोरीचे हात गार पडायचे. पण बाकीच्या विषयांत ठीक होती, आणि वस्तीवरून रोज एस.टी.नं येणारी, एक दिवस न चुकवणारी. वडील फौजेत, तिकडे राजस्थानला. घरी आजोबा आणि आई. त्या जूनमध्ये सरांच्या यादीत चौघं होती, त्यांत अंजली.

सत्काराच्या आदल्या दिवशी तिची आई माझ्याकडे आली. सत्कार आहे म्हणून निरोप मिळाला होता, पण ती त्या फेटेवाल्यासारखी भोळी नव्हती. पदर कमरेला खोचून सरळ विचारलं, "बाई, नाव काढणार हायसा व्हय पोरीचं?"

मी हो म्हटलं.

"आवं, मग तिचा पास बंद हुणार एस्टीचा. पास न्हाई म्हंजी पोरगी घरात. आन घरात बसली की तिचा आजा पावणं बोलावणार. आत्ताच दोन जागा बघून ठेवल्यात त्यानं. मी म्हणते, शाळंत हाय अजून, शाळंत हाय अजून. तेवढ्यावर दम धरलाय म्हाताऱ्यानं. उद्या काय सांगू त्यास्नी?"

पोरगी पंधरा वर्षांची होती. मी तशीच सरांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "बाई, एक मूल म्हणजे आपले किती टक्के जातात, हिशेब करा." मला इतका संताप आला की मी हिशेब करायच्या ऐवजी दार आपटून बाहेर आले. सरांवर दार आपटल्याचा शून्य टक्के परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी मात्र सरांपुढे एक अडचण उभी राहिली. तिघांचे बाप आले होते, अंजलीची आई आली होती. बाईला फेटा कसा बांधायचा? सरांनी क्षणभर विचार केला आणि मला बोलावून म्हणाले, "बाई, त्यांची तुम्ही ओटी भरा. खण-नारळ मागवलाय." सत्कार चुकता कामा नये, हे त्यांचं ठरलेलं. मग स्टेजवर, सरपंचांच्या साक्षीने, मी अंजलीच्या आईला कुंकू लावलं आणि तांदूळ, खण, नारळ तिच्या पदरात घातले. तिने पदर पुढे धरून सगळं घेतलं, माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरलं. मागे क्लार्क कागद घेऊन उभा होता. ती म्हणाली, "आधी बोलते, मग सई करते."

तिघे बाप "लय आभारी हाय" म्हणून बसले होते. सरांनी हसत तिच्या हातात माईक दिला.

"नमस्कार मंडळी," ती म्हणाली. "मला बोलाय येत न्हाई. पर आज बाईंनी माजी ओटी भरली, सरांनी भरायला लावली, सगळ्या गावानं बघितलं. आमची ओटी कोण भरतं? माहेर भरतं. माजं माहेर लांब, जतच्या पल्याड, भाऊ कोण न्हाई मला. म्हंजी आजपास्नं ही शाळा माजं माहेर, आन सर माजं दादा."

खाली बायका बसल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सरांनीही वाजवल्या. अजून त्यांना कळलं नव्हतं.

"म्हंजी सर, तुमी आमच्या अंजलीचं मामा झाला. आता मी सरपंचास्नी इचारते. आवं आप्पा, ओटी भरून घेतली त्या माहेरातनं कुठल्या मामानं भाचीला दाराभाईर काढल्याचं कवा ऐकलंय का तुमी?"

सरपंचांना पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि समोर निम्म्या गावच्या बायका होत्या. ते खुर्चीतून उठून म्हणाले, "छ्या! आसं कुठं आसतंय व्हय? सर, भाची हाय तुमची." मग जी टाळी पडली, ती आमच्या शाळेत शंभर टक्क्यांनाही कधी पडली नव्हती. सरांचा चेहरा मी बघून घेतला. हार गळ्यात, हसू तोंडावर तसंच राहिलेलं आणि डोळे क्लार्कच्या हातातल्या कागदाकडे. त्या कागदावर चौथी सही झालीच नाही.

वर्षभर सर अंजलीशी बोलले नाहीत. फाटकात ती दिसली की दुसरीकडे बघायचे. मी शाळा सुटल्यावर तिला गणितं घालायचे, ती ओठ चावत सोडवायची. भूमिती तिला समजायची, चित्र असतं म्हणून. मग आम्ही भूमितीवर भर दिला. तिकडे तिची आई म्हाताऱ्याला सांगत होती, "शाळंत हाय अजून. मामानं ठेवून घेतल्या." त्या घरात तेवढ्या एका वाक्यावर ते वर्ष निघालं.

निकाल मे महिन्यात लागला. अंजली पास. गणितात जेमतेम पस्तिसाच्या पुढे, पण पास, आणि एकूण बरेच चांगले. शाळेचा निकाल पुन्हा शंभर टक्के. दुपारी तिची आई पेढे घेऊन ऑफिसात आली तेव्हा सर वर्षात पहिल्यांदा तिला म्हणाले, "या ताई! आपली भाची पास झाली!"

तिने सगळ्यांना पेढे दिले. मग म्हणाली, "आन त्या तिघांचं काय झालं?"

"कुठले तिघं?" सरांना खरंच आठवेना.

"माज्यासंगं ज्यास्नी फेटं बांधलं त्यांची पोरं."

"हां, ती. ती बाहेरून होती, ताई. ती आपल्यात धरत नाहीत."

"नसंना धरत. पास का नापास, त्ये तर आसंल?"

कुणी बघितलंच नव्हतं. बाहेरून बसलेल्यांची हॉल तिकिटं आमच्याच शाळेतून गेली होती, त्यामुळे क्लार्ककडे बैठक क्रमांक होते. त्याने कॉम्प्युटरवर पहिला टाकला, तर त्यावर मुलाच्या आईचं नाव विचारलं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. "सुनीता," अंजलीची आई म्हणाली. "दुसऱ्याची शोभा. तिसरीची मंगल." एक पास झाला होता. शोभाचा मुलगा आणि मंगलची मुलगी, दोघंही गणितात गेली होती.

सरांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे माझा अंदाज सहासष्ट टक्के बरोबर आला."

अंजलीच्या आईने पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं, बॉक्स उचलला आणि गेली. मला वाटलं सरांना काही तरी वाटेल. त्यांनी बोटाला लागलेला पेढा चाटला.

दोन दिवसांनी फाटकावर नवा फ्लेक्स लागला. वरती 'निकाल १००%', खाली पहिल्या आलेल्यांचे फोटो आणि मधोमध, सगळ्यांपेक्षा मोठा, अंजलीचा. त्याखाली 'शाळेच्या मायेने घडलेली विद्यार्थिनी.' सांगलीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी साहेब कच्च्या मुलांना सामावून घ्या म्हणून बोलले होते, आणि सरांकडे दाखवायला आता एक कच्चं मूल होतं. फ्लेक्सवर फोटो लागावा म्हणून आमच्याकडे माणसं काय काय करतात, हे मी सांगायला नको. तिच्या आजोबांनी म्हणे वस्तीवरच्या प्रत्येकाला स्टँडवर नेऊन तो दाखवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंजलीची आई एस.टी.तून उतरली. फ्लेक्स बघितला. शिपाईमामांकडून स्टूल आणि कात्री मागून घेतली. मामांना वाटलं हार घालायचाय, त्यांनी दिली. ती स्टुलावर चढली आणि आपल्या लेकीचा फोटो चौकोनी कापायला लागली. समोरच्या हॉटेलातली माणसं चहा टाकून बाहेर आली. सर चपला न घालता धावत आले.

"आवो ताई, हे काय चालवलंय! लोक फोटोसाठी माझ्या मागं लागतात!"

"दादा, शंभर म्हंजी सगळी," ती कात्री चालवतच म्हणाली. "दोन लेकरं घरात बसल्यात तोंड लपवून. माज्या पोरीचं तोंड लावून लबाड बोलू नगा."

"आणि आता ह्या भोकाचं काय करू मी?"

"ऱ्हाऊ द्या. जून-जुलैला परत परीक्षा आसती न्हवं? ती दोघं पास झाली की मी सोता आणून चिकटवते." तिने फोटोची घडी पिशवीत घातली, कात्री मामांना परत दिली आणि पुढच्या गाडीने निघून गेली.

सरांची पंचाईत झाली. फ्लेक्स उतरवावा तर का उतरवला म्हणून सगळे विचारणार. तसाच ठेवावा तर शंभर टक्क्यांच्या खाली मधोमध चौकोनी भोक, त्यातून मागचा कडुनिंब दिसायचा, आणि प्रत्येक एस.टी.तलं कोणी ना कोणी खिडकीतून विचारायचं, "काय वो, हितला कोण पळाला?" नवा करावा तर ती बाई पुन्हा येणार, याबद्दल सरांच्या मनात शंका नव्हती. गावात ती त्यांना चारचौघांत दादा म्हणायची आणि सरांना ओ द्यावी लागायची.

सुट्टीत मी काही कागदांच्या कामासाठी साताऱ्याहून शाळेत गेले. शाळा रिकामी, उन्हाने तापलेली. दहावीच्या वर्गातून आवाज येत होता. डोकावले, तर सर फळ्यापुढे. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत खडू. पहिल्या बाकावर शोभाचा मुलगा आणि मंगलची मुलगी. हेडमास्तर झाल्यापासून सरांनी खडू धरला नव्हता, असं मामा सांगायचे. वर्गसमीकरणं चालली होती. मी दारात उभी राहून ऐकलं आणि मला पुन्हा तसाच संताप आला, कारण ते फार सुंदर शिकवत होते. मुलगी अडली की मागे जात, अजून मागे जात, सहावीच्या अपूर्णांकापर्यंत जात आणि तिथून तिला बोट धरून वर आणत. मी इतकी वर्षं शिकवते, मला तसं येत नाही. एवढं येत असताना हा माणूस फाटकात उभा राहून आकडे का ओरडत बसला होता?

सरांनी मला बघितलं आणि एकदम चिडले, पण माझ्यावर नाही, त्या दोघांवर. "कळतंय का रं तुमाला? तुमी पास झाला तरी माझा एक टक्कासुद्धा वाढणार न्हाई. कुठंच धरत नाहीत तुमाला. कुठंच!" असं ओरडले, फळा पुसला आणि पुढचं गणित लिहायला घेतलं.